मुकी घरे आणि जपानी चित्रे

गेल्या पावसाळ्यात आमच्या धर्मग्रामाच्या बैठकीत एका ज्येष्ठ बंधूंनी आमच्यापुढे एक वही ठेवली. ती त्यांच्या नातवाची धर्मशिक्षणाची वही होती. पुढच्या पानांवर दहा आज्ञा लिहिलेल्या. मागच्या पानांवर मात्र ताठ उभ्या केसांचा, कपाळाला पट्टी बांधलेला एक पोरगा पानोपान काढलेला. "फादर, हे जपानी भूत आमच्या घरात शिरले आहे. येत्या रविवारी प्रवचनात याचा समाचार घ्या," असा त्यांचा आग्रह होता. आम्ही तो रविवार टाळला. या आग्रहामागची काळजी खरी आहे, परंतु त्यातील निदान आम्हांस साफ चुकीचे वाटते. ते का, हे येथे मांडत आहोत.

प्रथम हे भूत कोठून आले ते पाहू. जपानमध्ये चित्रकथेला 'मंगा' म्हणतात. तिची पाने उजवीकडून डावीकडे वाचतात. दुसऱ्या महायुद्धानंतर ओसामू तेझुका या चित्रकाराने तिला आजचे रूप दिले; त्यांनी भगवान बुद्धांचे चरित्रही याच शैलीत अनेक खंडांतून चितारले. या कथांवरून चलच्चित्रे निघाली आणि ती जगभर गेली. आपल्या घरी ती पुस्तकांतून आली नाहीत. दूरचित्रवाणीवरून आणि पुढे मोबाईलवरून हिंदी बोलत आली. आज चाळिशीत असलेले आमचे पालक १९९३ साली रविवारची मिस्सा संपताच ज्या 'जंगल बुक'साठी घराकडे धाव घेत, तो मोगलीदेखील जपानी चित्रकारांच्याच हातचा होता. तेव्हा कोणालाही भूत दिसले नाही.

या चित्रकथांत सारेच निर्दोष आहे, असे आमचे म्हणणे नाही. 'शिनचॅन' ही कथा १९९० साली जपानमध्ये प्रौढांच्या साप्ताहिकात सुरू झाली. आपल्याकडे ती बालकांपुढे वाढली गेली. २००८ साली केंद्र सरकारने तिचे प्रक्षेपण थांबविले आणि काटछाट झाल्यावर ती पुन्हा सुरू झाली. काही कथांत रक्तपात आहे, काहींत अश्लीलता आहे. परंतु मोठ्यांसाठी शिजविलेले अन्न लेकराच्या ताटात पडत असेल, तर ताटाजवळ कोणी बसले होते की नाही, हा प्रश्न आधी विचारावयास हवा.

आता त्या वहीतील पोराकडे वळू. त्याचे नाव नारुतो. मासाशी किशिमोतो यांची ही कथा १९९९ ते २०१४ अशी पंधरा वर्षे क्रमशः छापली गेली. जन्माच्याच दिवशी नारुतोचे आईबाप जातात. गावावर चालून आलेला नऊ शेपट्यांचा कोल्हा त्याच्या देहात कोंडलेला असतो, म्हणून गाव त्याला दूर लोटते. त्याने कोणाचे काहीही बिघडविलेले नसते. एक शिक्षक त्याला प्रथम जवळ करतात आणि तेथून त्याचे आयुष्य पालटते. वेशीबाहेरच्या वस्तीत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आमच्या माणसांच्या लेकरांना ही गोष्ट परकी कशी वाटावी? त्यांनी त्या कथेत भूत पाहिले नाही, स्वतःला पाहिले.

नांदूरघाट परिसरातील वर्षाचा क्रम ज्यांना ठाऊक आहे, त्यांना पुढचे सांगावयास नको. दिवाळी सरते, मुकादमाची उचल घेतलेली जोडपी ट्रकमध्ये संसार भरतात आणि पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे निघून जातात. पट्टा पडेपर्यंत पाच-सहा महिने लेकरे आजीआजोबांजवळ. रात्री फडावरून आईचा फोन येतो. ती दमलेली असते. दोन शब्द बोलते आणि फोन ठेवते. मग त्याच फोनवर नारुतो येतो आणि लेकराला झोप लागेपर्यंत सोबत करतो. आम्ही त्या ज्येष्ठ बंधूंना एवढेच विचारले, "बाबा, या पोराला तुम्ही शेवटची गोष्ट कधी सांगितलीत?" ते गप्प राहिले. बैठकीतील आम्ही सारेच गप्प राहिलो; कारण धर्मगुरू म्हणून आम्ही त्याला प्रश्नोत्तरे पाठ करविली होती, गोष्ट आम्हीही सांगितली नव्हती.

कित्येक जण म्हणतात, असली चित्रे ख्रिस्ती श्रद्धेशी विसंगतच आहेत. २०२५ च्या जुबिली वर्षासाठी व्हॅटिकनने 'लुचे' नावाची, जपानी चित्रकथेच्या धाटणीची एक चिमुकली यात्रेकरू पुढे आणली, तेव्हाही पुष्कळांनी नाके मुरडली. पिवळा रेनकोट, चिखलाने माखलेले बूट, गळ्यात जपमाळ आणि टपोरे डोळे. आम्हांस त्यात काही विपरीत दिसत नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली 'ख्रिस्तपुराण' छापले, तेव्हा त्यांनी आपल्या लोकांच्या कानांत बसलेली ओवीच निवडली होती. वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया यांनी जपानी भाषा आत्मसात केली, आपल्या संघातील बंधूंसाठी दुभाषी म्हणून काम केले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे क्रुसावर प्राण दिले. जपानशी आमचे नाते असे चारशे वर्षांपूर्वीच रक्ताने जोडले गेले आहे. त्या देशाचे नाव काढताच दचकण्याचे आम्हांस कारण नाही.

उलट त्या देशाच्या ख्रिस्ती जनांकडून आम्ही धडा घ्यावा. १६१४ साली जपानमध्ये ख्रिस्ती धर्मावर सर्वत्र बंदी आली. पुढे धर्मगुरू उरले नाहीत, ख्रिस्तमंदिरे उरली नाहीत, ग्रंथ उरले नाहीत. तरीही १८६५ साली नागासाकीच्या नव्या ख्रिस्तमंदिरात काही शेतकरी स्त्रीपुरुष आले आणि आपलीही श्रद्धा तीच असल्याचे त्यांनी धर्मगुरूंच्या कानात सांगितले. अडीचशे वर्षे त्यांनी प्रार्थना तोंडी जपल्या होत्या. आपल्या लेकरांचा बाप्तिस्मा स्वतः केला होता. बौद्ध करुणामूर्ती कान्नोनच्या रूपात त्यांनी मरियामातेला पाहिले होते. चित्र परके होते. घर मात्र बोलते होते. आमच्याकडे ख्रिस्तमंदिर आहे, धर्मगुरू आहेत, छापील बायबल आहे, आणि घरे मुकी आहेत.

म्हणून प्रवचनातून मंगाचा समाचार घेण्यास आमचा नकार आहे. त्याऐवजी तीन गोष्टींचा आम्ही आग्रह धरतो. ऊसतोडीच्या हंगामात मागे राहणाऱ्या लेकरांना प्रत्येक वस्तीवर रात्रीच्या जेवणानंतर एकत्र बसवावे आणि आळीपाळीने एका थोराने त्यांना एक गोष्ट सांगावी, मराठीतून सांगावी. लेकरू काय पाहते, ते घरातील एका मोठ्या माणसाने आठवड्यातून एकदा तरी त्याच्या शेजारी बसून पाहावे. जे अयोग्य असेल ते तेथेच बंद करावे आणि का बंद केले तेही सांगावे. आणि संत गोन्सालोंचे चरित्र आमच्या मुलांच्याच हातून, त्यांना आवडेल त्या शैलीत चितारले जावे.

यापैकी तिसऱ्या गोष्टीस आम्ही आरंभ केला आहे. त्या पोराला वही परत देताना आम्ही गोन्सालोंची कथा सांगितली. पुढच्या रविवारी त्याने चित्र आणले. संतांचे केस ताठ उभे आहेत. आम्ही ते ख्रिस्तमंदिराच्या दाराशी लावले आहे. ज्येष्ठ बंधूंनी ते पाहिले आणि हे संत कोण, असे नातवालाच विचारले. नातवाने त्यांना सारी गोष्ट सांगितली.