निजामाची रेल्वे नेमकी कधी संपली?

रेल्वेच्या कोणत्याही सनावळीत ५ नोव्हेंबर १९५१ ही तारीख सापडते. त्या दिवशी ग्रेट इंडियन पेनिन्सुला, निजाम स्टेट, सिंदिया आणि धोलपूर या चार रेल्वे एकत्र करून मुंबई मुख्यालय असलेली मध्य रेल्वे स्थापन झाली. नोंद एवढ्यावर थांबते. चारांपैकी एकीबाबत तरी ती दिशाभूल करणारी आहे. निजामाच्या रेल्वेचे नाव त्या दिवशी गेले. तिचा नकाशा मात्र मराठवाड्यात आजही टिकून आहे, आणि त्याचा भार मराठवाड्यालाच सोसावा लागतो.

हैदराबाद संस्थानाची स्वतःची रेल्वे सुरू झाली ती १८७४ मध्ये, वाडी ते सिकंदराबाद. पैसा निजामाच्या बाजूचा, गाड्या चालवण्याचे काम जी.आय.पी.कडे. पुढे हा मार्ग चांद्यापर्यंत, म्हणजे आजच्या चंद्रपूरपर्यंत, वाढवण्याची योजना निघाली. त्यासाठी लंडनमध्ये कंपनी काढायची, भागधारकांना व्याजाची हमी निजामाच्या खजिन्याने द्यायची, असा तो व्यवहार होता. १८८३ मध्ये हैदराबादेतील काही सुशिक्षित नागरिकांनी एक साधी मागणी केली: कराराच्या अटी आधी लोकांसमोर ठेवा. त्यांतील प्रमुख होते अघोरनाथ चट्टोपाध्याय, सरोजिनी नायडूंचे वडील. उत्तरादाखल त्यांना पदावरून दूर करून संस्थानाबाहेर घालवण्यात आले. रेल्वेच्या अटी विचारणे हा हैदराबादेत राजकीय गुन्हा ठरला, तो असा.

कंपनी स्थापन झालीच. तिचे नावच बोलके होते: निजामाची ‘गॅरंटीड’ स्टेट रेल्वे. १९०० च्या सुमारास तिच्याच छत्राखाली गोदावरी खोऱ्याचा मीटरगेज मार्ग पुरा झाला. मनमाडहून निघून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड करीत तो सिकंदराबादला पोहोचे. मराठवाड्याचा रेल्वेशी परिचय झाला तो प्रामुख्याने या मार्गाने. त्याची दिशा लक्षात घेण्याजोगी आहे. गाडी मुंबईकडे तोंड करून मनमाडपर्यंत येई आणि तिथे अडे, कारण पुढचे रूळ ब्रॉडगेज होते. परभणी-जालन्याच्या कापसाच्या गाठी मनमाडला उतरवून दुसऱ्या डब्यांत चढवल्याशिवाय मुंबई गाठणे शक्य नव्हते. सिकंदराबादकडे मात्र वाट मोकळी होती.

१ एप्रिल १९३० रोजी निजाम सरकारने कंपनीकडून रेल्वे विकत घेतली आणि ‘गॅरंटीड’ हा शब्द गळून पडला. यानंतरची वीसेक वर्षे या रेल्वेच्या इतिहासातील सर्वांत रंजक, आणि सर्वांत कमी सांगितलेली. जून १९३२ मध्ये रेल्वेने स्वतःचे रस्ता वाहतूक खाते काढले. आरंभ २७ बसगाड्यांनी झाला. आगगाडी आणि बस एकाच प्रशासनाच्या हाती आली. १९४५ मध्ये निजाम सरकारने टाटांच्या भागीदारीत डेक्कन एअरवेजही उभी केली. यामागे लोककल्याणाची तळमळ होती असे समजण्याचे कारण नाही. प्रवासी आपल्या गल्ल्यातून निसटू नये, ही व्यापारी बुद्धी त्यात उघड दिसते. तरीही रूळ आणि रस्ता एकमेकांना पूरक ठरवण्याचा अधिकार एका जागी होता, हे वैशिष्ट्य नाकारता येत नाही. (तेलंगण-आंध्रच्या सरकारी बसच्या पाटीवरचे ‘झेड’ हे अक्षर निजामाच्या आईच्या नावावरून आले असे सांगतात. कथा गोड आहे; दंतकथा म्हणूनच घ्यावी.)

आता अखेरच्या तीन वर्षांकडे. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबादने शरणागती पत्करली. आधी लष्करी प्रशासन, मग जानेवारी १९५० पासून एम. के. वेल्लोडी यांचे मुलकी सरकार. संस्थानांच्या आर्थिक एकीकरणाची योजना १ एप्रिल १९५० पासून लागू झाली आणि संस्थानी रेल्वे केंद्राकडे गेल्या. निजामाच्या रेल्वेची मालकी त्याच दिवशी बदलली. म्हणजे १९५१ चे विलीनीकरण हा दुसरा टप्पा होता. पहिल्या टप्प्यात धनी बदलला, दुसऱ्यात नाव पुसले गेले. बाजारात हाली सिक्का अजून खुळखुळत होता, लालागुड्याच्या कारखान्यात डबे दुरुस्त होतच होते, आणि सिकंदराबादचे मुख्यालय मात्र मुंबईच्या अधीन झाले.

त्याच सुमारास एक गोष्ट जवळजवळ निःशब्दपणे घडली. रेल्वे मध्य रेल्वेत गेली; बसचे खाते तिच्यापासून तोडून हैदराबाद राज्य सरकारकडे सोपवण्यात आले. जवळपास दोन दशके एकत्र चाललेला संसार १९५१ मध्ये वाटला गेला. रूळ दिल्लीचे झाले, रस्ता राज्याचा.

इथे एक प्रश्न विचारायला हवा, जो सनावळ्या विचारत नाहीत. हे सर्व घडताना हैदराबादेत निवडून आलेली विधानसभाच नव्हती. बूर्गुल रामकृष्णराव यांचे मंत्रिमंडळ सत्तेवर आले ते मार्च १९५२ मध्ये, विलीनीकरणानंतर चार महिन्यांनी. रेल्वे हा केंद्राचा विषय, विधानसभा असती तरी निर्णय दिल्लीतच झाला असता, असा आक्षेप येईल. रेल्वेपुरता तो मान्य आहे. बसबाबत नाही. आणि निर्णय बदलला नसता म्हणून तो विचारण्याची जागाच नसावी, हे काही त्यातून सिद्ध होत नाही. १८८३ मध्ये अटी विचारणाऱ्याला हद्दपार करण्यात आले. १९५१ मध्ये विचारायला सभागृह नव्हते. पहिल्या प्रसंगात जुलूम होता, दुसऱ्यात घाई. दोन्ही एका मापाने मोजणे अन्यायाचे होईल. पण परभणीच्या प्रवाशाला दोन्ही वेळा विचारले गेले नाही, एवढे साम्य उरतेच.

विलीनीकरण चुकीचे होते असा याचा अर्थ नव्हे. स्वातंत्र्याच्या वेळी देशात चाळीसहून अधिक रेल्वे व्यवस्था होत्या. त्या तशाच ठेवणे परवडणारे नव्हते. मराठवाड्याच्या दृष्टीने तर १९५१ ची रचना उपकारकच होती, कारण इतिहासात प्रथमच मुंबई, औरंगाबाद आणि नांदेड एका रेल्वेच्या अखत्यारीत आले. तक्रार आहे ती पुढच्या वाटचालीबद्दल.

१९५६ मध्ये हैदराबाद राज्याचे तीन भाग झाले आणि मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात आले. तुटलेल्या संसारातील बसने नवी राज्यसीमा मानली: मराठवाड्याच्या वाट्याच्या गाड्या अखेर महाराष्ट्राच्या एसटीत विरघळल्या. रुळांनी ती मानली नाही. २ ऑक्टोबर १९६६ रोजी दक्षिण मध्य रेल्वे स्थापन झाली, तिचे मुख्यालय सिकंदराबाद, आणि मनमाडच्या पलीकडचा गोदावरी मार्ग पुन्हा त्याच शहराच्या आज्ञेत गेला. पंधरा वर्षांपूर्वी मिटवलेली रेष जुन्याच जागी उमटली. या वेळी निजाम नव्हता, कंपनी नव्हती, कसली सक्तीही नव्हती. केवळ प्रशासकीय सोय होती.

वाचकांनी हे दोन काळ शेजारी ठेवून पाहावेत. १९५१ ते १९६६ या काळात मुंबई आणि औरंगाबाद एका रेल्वेत होते, पण मनमाडला रूळ बदलत असल्यामुळे थेट गाडी अशक्य होती. नव्वदच्या दशकात मनमाड-औरंगाबाद मार्ग ब्रॉडगेज झाला, थेट गाडी शक्य झाली, तर तोवर दोन्ही टोके दोन निरनिराळ्या रेल्वेंच्या हाती होती. २००३ मध्ये नांदेड विभाग झाला, तोही सिकंदराबादच्याच अधिपत्याखाली. तो मध्य रेल्वेला जोडावा ही मराठवाड्यातील मागणी जुनी आहे. तिची प्रादेशिक कुरकुर म्हणून बोळवण करणाऱ्यांनी आधी १९५१ चा नकाशा उघडावा. मागणी नवी नाही. ती एकदा मंजूर होऊन परत घेतलेली गोष्ट आहे.

आणि बीड. निजामाच्या काळात रूळ जिल्ह्यात परळीपर्यंत आले, बीड शहरापर्यंत नाहीत. मध्य रेल्वेने ती उणीव भरली नाही, दक्षिण मध्य रेल्वेनेही नाही. शहरातून पहिली प्रवासी गाडी सुटली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी. ती गेली अहिल्यानगरला, मध्य रेल्वेच्या बाजूला. परळीकडचा टप्पा त्या दिवशी बाकीच होता.