तापाबरोबर पाठही दुखते आहे काय?

ताप आला की मेडिकलमधून चार गोळ्या आणायच्या आणि कामावर हजर व्हायचे, हा आपल्या वस्त्यांतला शिरस्ता. खाडा परवडत नाही, हेही खरेच. परंतु पन्नाशी उलटलेल्या, मधुमेह असलेल्या किंवा विडी ओढणाऱ्या माणसाचा ताप आठवडाभर हटत नसेल आणि पाठ किंवा पोट सतत दुखत असेल, तर सरळ मोठे इस्पितळ गाठावे. क्वचित का होईना, तो धमनीला झालेला जंतुसंसर्ग असू शकतो.

हृदयातून निघणारी महाधमनी छातीतून पोटात उतरते. वयाने, तंबाखूने तिचे आतले अस्तर खडबडीत होते. रक्तात शिरलेले जंतू नेमके तिथे ठाण मांडतात. स्टॅफिलोकोकस आणि सॅल्मोनेला हे त्यातले नेहमीचे. सॅल्मोनेला दूषित पाणी, कच्ची अंडी, अर्धवट शिजलेले मटण यांतून पोटात जातो. जंतू भिंत पोखरतात, ती फुग्यासारखी फुगते. फुटली तर माणूस हातचा जातो. विल्यम ऑस्लर या डॉक्टरांनी १८८५ साली या फुग्याला ‘मायकोटिक’, म्हणजे बुरशीचा, म्हटले. रिपोर्टात तो शब्द आजही येतो; पण बहुधा कारण जिवाणूच असतात.

निदानात ब्लड कल्चर महत्त्वाचे. वेगवेगळ्या जागांहून दोन-तीनदा रक्त घेऊन त्यात जंतू वाढतात का ते पाहतात. हे रक्त अँटिबायोटिक देण्याआधी घ्यायचे असते. दुकानातल्या गोळ्या आधीच पोटात गेल्या, तर जंतू असूनही सापडत नाहीत! म्हणून काय काय घेतले ते डॉक्टरांपासून लपवू नका, रिकामी पाकिटे सोबत न्या. मग शिरेतून औषध सोडून सीटी स्कॅन काढतात. त्यात फुगा दिसतो.

उपचार लांबलचक आहे. शिरेतून अँटिबायोटिक साधारण सहा आठवडे, कधी त्याहून जास्त. नुसत्या औषधाने सहसा भागत नाही. सडलेला भाग कापून रक्ताला दुसरी वाट करून द्यावी लागते. काहींना मांडीतून आत नळी सरकवून बसवतात, पण संसर्ग झालेली भिंत आतच राहते, म्हणून गोळ्या पुढे बरेच दिवस चालतात.

खर्च मोठा. भरती होतानाच रेशनकार्ड व आधारकार्ड घेऊन आरोग्यमित्राला भेटा आणि जन आरोग्य योजनेत काय बसते ते विचारा. घरी आल्यावर पुन्हा ताप चढला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी परत जा.