गावाच्या खोलीचा हिशेब

सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ साली झाला, पण इथल्या माणसांचा मोठा इतिहास त्याआधीच मुंबईच्या गिरणगावात, परळ-लालबागच्या चाळींत घडला होता. मुंबईच्या गिरण्यांत कामाला गेलेल्या या चाकरमान्यांची गावाची ओढ म्हणजे निव्वळ हळवेपणा, असे मानले जाते. मला ते पटत नाही; त्यामागे जगण्याची सोयही होती. एका गावचे पुरुष मिळून एक खोली घेत. भिंतीलगत ज्याची त्याची ट्रंक, आणि रात्रपाळीचा कामावर गेला की दिवसपाळीचा त्याच जागी पथारी टाकी. नव्या पोराला निवारा, नोकरीची ओळख, उधारी तिथेच मिळे. भजन, दशावतार, गणपतीला गावी जाणे यांतून एकमेकांवरचा विश्वास टिके.

गावकीबरोबर जातीची उतरंडही मुंबईत गेली आणि भार बायकांवर पडला, हा आक्षेप खराच आहे. गावची शेती त्यांनी ओढली. गिरणगावात खानावळीही त्यांनीच चालवल्या. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभारून त्यांना बँकेच्या कर्जाची वाट दाखवली. तरी १९८२च्या गिरणी संपात पगार थांबले तेव्हा कित्येकांना गावच्या भातानेच तगवले. म्हणून मुंबईतल्या ग्राममंडळांच्या वह्या, वर्गणीच्या पावत्या जिल्ह्याच्या ठिकाणी, ओरोसला जपायला हव्यात, आणि मनीऑर्डरीवर घर चालवलेल्या बायकांच्या आठवणीही, त्या हयात आहेत तोवर.