पिपाणी वाजली, पाण्याचं काय?



७ मे २०२४ ला सांगली-साताऱ्यात मतदान झालं. मी पुरोगामी मतदार, संविधानासाठी बटण दाबलं. आघाडी मात्र सांगलीच्या जागेवरून आपसांत भांडत बसली, निवडून आले अपक्ष विशाल पाटील! साताऱ्यात उदयनराजे ३२ हजार ७७१ मतांनी जिंकले आणि तुतारीसारख्या दिसणाऱ्या पिपाणीला ३७ हजारांवर मतं गेली. म्हणे मतदार अडाणी! अहो, नवं चिन्ह कोरेगावच्या बांधापर्यंत पोचवायचं काम कुणाचं?

आणि हिंदू-मुसलमान करत मतं मागणाऱ्यांनो, २०२३-२४ ला संकरित ज्वारीचा हमीभाव क्विंटलला ३,१८० रुपये होता, तो धर्म विचारून मिळणार होता काय? टेंभू-म्हैसाळचं पाणी जत-आटपाडीच्या शेवटच्या शेतात कधी, ते तारखेसह लेखी द्या.