हिरव्या टेस्ट्स, शून्य पत्ते

मंडळी, आज जरा भांडायचंच आहे. कर्नलमधले सिम्बॉल शोधून देणारी छोटी कमांड-लाईन टूल्स लोक हौसेने लिहितात आणि वर "सगळ्या टेस्ट्स पास"चा हिरवा बिल्ला लावतात. टेस्ट उघडून बघा: तीन ओळींची नकली फाईल, एक नाव, एक पत्ता. पास! याला टेस्टिंग म्हणायचं?

लिनक्सची खरी कॉलसिम्स फाईल कशी वागते ते पाहा. बहुतेक डिस्ट्रोंवर रूट नसलेल्या युजरलाही ती उघडता येते, नावं सगळी दिसतात, पण पत्ते? सगळे शून्य. एरर वगैरे काही नाही. टूल आपलं इमानदारीत "सापडलं, पत्ता शून्य" सांगून मोकळं. एक्झिट कोडही शून्य, म्हणजे सगळं आलबेल!

दुसरं, नाव एकमेव असतं हा गैरसमज. सी मधलं स्टॅटिक फंक्शन आपापल्या फाईलपुरतं असतं, त्यामुळे एकाच नावाची अनेक फंक्शन्स कर्नलमध्ये सुखाने नांदतात. 'क्लीनअप_मॉड्यूल' तर कितीतरी मॉड्यूल्समध्ये दिसेल. कर्नलच्या लाईव्हपॅचला हे माहीत आहे: नाव अनेक ठिकाणी सापडलं आणि कितवं हवंय ते सांगितलं नसेल, तर तो पॅच लावायला सरळ नकार देतो. आणि आपलं टूल? पहिलं दिसलं ते हातात ठेवतं.

तिसरं, केएएसएलआर. एक्स८६ वर ४.१२ पासून (२०१७) डिफॉल्ट चालू. दर बूटला कर्नलचा पत्ता सरकतो. सिस्टिम.मॅपमधला पत्ता जसाच्या तसा वापरला की संपलं.

"अरे, ग्रेपचंच तर काम आहे, एवढं काय?" हा नेहमीचा बचाव. पण ग्रेप निदान जुळलेल्या सगळ्या ओळी दाखवतो, निवड तुमच्यावर सोडतो. टूल तुमच्या वतीने निवड करतं, म्हणून त्याची जबाबदारी जास्त. रात्री दोनला सर्व्हर कोसळलेला असताना कुणीतरी त्या उत्तरावर विसंबून भलत्याच ड्रायव्हरचा कोड वाचत बसतो. उत्तरच मिळालं नसतं तर त्याने दुसरी वाट तरी शोधली असती.

मागणी फार नाही, चार टेस्ट्स. रूटशिवाय चालवा, पत्ते लपलेले असतील तर एरर यायलाच हवी. एकाच नावाचे दोन सिम्बॉल द्या. दोन्ही दिसायला हवेत. सगळ्यात पहिल्या सिम्बॉलच्या एक बाईट आधीचा पत्ता द्या. "माहीत नाही" असंच उत्तर यायला हवं. आणि तोच कर्नल रीबूट करा. मूळ कर्नलमधल्या दोन सिम्बॉलमधलं अंतर तेच निघायला हवं.

असो. "माहीत नाही" म्हणायला लाजणारी माणसं ऑफिसात पुष्कळ आहेत. टूल्सना तरी तो रोग लावू नका!