गावठी म्हणून काय झालं?

हिंदमाताला गुडघाभर पाण्यात अडकलो होतो, तेव्हा आईची काळी डुकरीण आठवली. तीही पावसाळ्यात अशाच चिखलात व्यायची. सकाळी दोन-तीन पिल्लं तिच्याच अंगाखाली चिरडलेली सापडायची. लोक म्हणायचे, "गावठीच ती! विलायती आणा."

मला हे तेव्हाही पटलं नाही. खोट जातीत नव्हती, आमच्यात होती. डुकरीण 114 दिवस गाभण असते. तयारीला वेळ काय कमी? पण आम्ही तिला उकिरड्यावर सोडून मोकळे!

एका वर्षी आईनं उंचवट्यावर खोपट घातलं. खाली भाताचा पेंढा, भिंतीपासून वीतभर आत आणि जमिनीपासून वीतभर वर आडवा बांबू. काळी आडवी होताना पिल्लं बांबूमागं सरकायची. माजावर येण्याआधी दोन आठवडे कोंडा-भरडा वाढवला, फळल्यावर बेतात ठेवला, व्याल्यावर पुन्हा पोटभर. त्या खेपेला एकही पिल्लू चिरडलं नाही.

गोव्यातल्या आगोंद गावाचं नाव लावणाऱ्या गावठी डुकरांची आज देशपातळीवर जात म्हणून नोंद आहे. मग आमच्या काळीलाच का हिणवायचं? हिंदमाताचं पाणी उपसायला पंप बसवतात. तिला कोरडी जागा आणि वेळेवर खुराक पुरे. तेवढं आधी द्या, मग जात काढा.