खाटेपुरता विमा, जन्मभराचा आजार

मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पीयूषिका अर्थात पिट्यूटरी ग्रंथी असते. तिच्यात संप्रेरक स्रवणारी गाठ झाली, तर ती बहुधा कर्करोगाची नसते. तरीही माणसाचे आयुष्य उद्ध्वस्त करते. प्रोलॅक्टिन वाढले की स्त्रीची पाळी थांबते, मूल होत नाही आणि घरात 'वांझ' म्हणून तिची हेटाळणी होते. प्रौढ वयात वाढीचे संप्रेरक बेसुमार स्रवू लागले की हातपाय व जबडा मोठा होतो, मागून मधुमेह व हृदयविकार येतात. कुशिंगच्या आजारात कॉर्टिसॉल वाढून हाडे ठिसूळ होतात, स्नायू गळतात; उपचार न झाल्यास मृत्यू ओढवतो.

या तिन्हींवर उपचार आहेत, पण ते एकसारखे नाहीत. प्रोलॅक्टिनच्या गाठीला बहुधा शस्त्रक्रिया लागतच नाही. कॅबरगोलिनची गोळी आठवड्यातून एकदोनदा घेतली की बहुसंख्य रुग्णांचे प्रोलॅक्टिन ताळ्यावर येते, गाठही आकसते. उरलेल्या दोहोंत नाकावाटे गाठ काढणे हा पहिला मार्ग. १९०७ साली ऑस्ट्रियात श्लोफर यांनी तो प्रथम चोखाळला. मात्र येथे यश सर्जनच्या सरावावर व गाठीच्या आकारावर अवलंबून असते. गाठ उरली तर ऑक्ट्रिओटाइडसारखी दरमहाची इंजेक्शने वा किरणोपचार. किरणांचा पूर्ण गुण यायला वर्षे लागतात आणि पुढे ग्रंथीच मंदावून इतर संप्रेरके बाहेरून घ्यावी लागू शकतात.

म्हणजे शस्त्रक्रिया झाली तरी आजार संपला असे अनेकांच्या बाबतीत होत नाही. रक्तचाचण्या, एमआरआय, गोळ्या, इंजेक्शने हे वर्षानुवर्षे चालते, आणि ते सारे बाह्यरुग्ण विभागात. आमचा आक्षेप नेमका येथे आहे. २०१८ साली सुरू झालेली आयुष्मान भारत योजना कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांचे संरक्षण देते. परंतु ती रुग्णालयात दाखल होण्याभोवती बेतलेली आहे. घरी परतल्यावर पंधरा दिवसांपर्यंतचा खर्च ती उचलते. सोळाव्या दिवसापासून रुग्ण आणि त्याचा खिसा! शस्त्रक्रियेनंतर ज्याचे शरीर पुरेसे कॉर्टिसॉल बनवत नाही, त्याची हायड्रोकॉर्टिसोनची गोळी तुटली तर जिवावर बेतते. तिची किंमत थोडी, पण तिची हमी कोणाची?

कोणी म्हणेल, क्षय आणि कुपोषण असताना या विरळा आजाराची चिंता कशाला? प्रश्न एका ग्रंथीपुरता नाही. मधुमेही, रक्तदाबाचा रुग्ण, अपस्माराचा रुग्ण हे सारे याच सोळाव्या दिवसाचे बळी आहेत. खिशात पैसा नाही म्हणून कोणी उपचारावाचून राहू नये, हे तत्त्व भोर समितीने १९४६ मध्येच मांडले होते.

स्वस्त औषध आकाशातून पडत नाही. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या उत्पादनावर पेटंट नाकारले, म्हणून देशी कारखाने परकीय औषधे माफक दरात बनवू शकले. २००५ च्या दुरुस्तीने ती वाट आवळली. धोरणानेच औषध स्वस्त होते, धोरणानेच ते महागते.

म्हणून मागणी स्पष्ट हवी. जिल्हा रुग्णालयात संप्रेरकांच्या चाचण्या व्हाव्यात आणि नित्याच्या गोळ्या मोफत मिळाव्यात. शस्त्रक्रिया मात्र मोजक्या, सराव असलेल्या सार्वजनिक रुग्णालयांतच व्हाव्यात आणि तेथवरचा प्रवासखर्च शासनाने द्यावा. महागड्या इंजेक्शनांची खरेदी सरकारने एकत्रितपणे करावी. कार्यकर्त्यांनी आरोग्याच्या प्रश्नावर बोलताना रुग्णालयाच्या खाटा जरूर मोजाव्यात. पण खाट सोडून घरी गेलेल्या रुग्णाची गणतीही तितक्याच आग्रहाने मागावी.